झुआरीत लहान होडीतून ट्रोलिंग : लूर तळापर्यंत जात नाही, चोणक लागून सुटतो

आगशी_होडी

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया नीट मार्गदर्शन करावं, सगळा तपशील देतो. चोणक माशासाठी ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या होडीमागे लूर (नकली मासा) ओढतो.

होडी १४ फुटी फायबरची, मागे ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. जागा झुआरी : आगशी-कुठ्ठाळीपासून आत बोरी पुलापर्यंत. रॉड दोन, दोन्ही ७ फुटी, ४००० चं स्पिनिंग रील, ४० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे लूरला जोडलेला हातभर ३० पौंडी लीडर. लूर १२ सेंटिमीटरचे, पाकिटावर खोली ३ मीटर लिहिलेली. साधा साउंडर (पाण्याची खोली दाखवणारं यंत्र) आहे.

पद्धत अमेरिकन व्हिडिओ बघून उचललेली. तिथे जलाशयात हायब्रिड बाससाठी मधल्या मोकळ्या पाण्यात लांब पट्टे मारतात, तसेच मारतो. वेग मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ५ किमी धरतो. पाणी थांबलेलं असताना आयडलवर ४.५ येतो. ओढीबरोबर (पाण्याच्या प्रवाहाबरोबर) जाताना ७ दिसतो म्हणून मधून मधून न्यूट्रल करतो, ओढीविरुद्ध थ्रॉटल वाढवून ५ वर आणतो.

अडचणी अशा : तळ ३ मीटर असला तरी लूर कधीच टेकत नाही. कधी रॉडचं टोक थरथरतं, कधी मेल्यासारखं पडून राहतं, आणि कधी लूर आडवा होऊन पाण्यावर येतो. वळताना दोन्ही दोऱ्या गुंततात. ठोका बसला तरी मासा पहिल्या उडीत सुटतो. लीडर खरवडून तुटलेला मिळतो, नाहीतर मागची ट्रेबल (तीन टोकांची गरी) सरळ झालेली. नेमकं काय बदलू?

---

मानशीकडला

आगशीबाब, पहिली दुरुस्ती जागेची. बाकी सगळं त्यानंतर.

हायब्रिड बास म्हणजे स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट बास यांचा संकर, १९६५ च्या सुमारास साउथ कॅरोलायनात पहिल्यांदा केलेला. तो मासा शॅड या लहान माशांच्या थव्यामागे मोकळ्या पाण्यात फिरतो. म्हणून ते लोक मैलभर पट्टे मारतात. थवा सापडेपर्यंत पाणी चाळणं हेच त्यांचं काम. आपला चोणक (रायगडातला जिताडा तो हाच) थव्यामागे पळत नाही. तो आडोशाला, ओढीच्या कडेला तोंड करून उभा राहतो आणि पाण्याबरोबर येणारी सुंगटं (कोळंबी), शेवटे (बोय मासे) तोंडासमोरून जाण्याची वाट बघतो. मधल्या खोल पाण्यातून लूर दिवसभर ओढला तरी तो त्याच्या समोरून जातच नाही.

म्हणून पट्टा लांब नको, नेमका हवा. खाजणाच्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधाचे निखळलेले चिरे जिथे चिखलाला मिळतात ती रेघ, पुलाच्या खांबामागची निवाऱ्याची जागा, बाहेरच्या वळणावरची उतरती कड, आणि पोयीचं (खाजणातल्या ओहोळाचं) तोंड. सगळ्यात चांगली जागा मानशीच्या खालच्या बाजूची : ओहोटीला मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडली की खाजणातलं पाणी सुंगटं घेऊन बाहेर पडतं. पण मानशीतली मासेमारी लिलावाने घेतलेली असते आणि तोंडाला जाळं लावलेलं असतं. तिथे शिरू नका. निदान ४०-५० मीटर खाली, जिथे मानशीचं पाणी नदीच्या पाण्यात मिसळताना रेघ दिसते, त्या रेघेवरून जा. १००-१५० मीटरचा तुकडा निवडा, तोच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कोनातून ओढा. दहाव्या फेरीला घेतलेला चोणक अपवाद नव्हे. तो तिथेच असतो, कोन आणि खोली जुळल्यावर तोंड घालतो.

आता खोली. पाकिटावरचा आकडा ठराविक जाडीच्या दोरीला आणि ठराविक लांबीला लागू असतो. काही मालिकांत तो नावातच असतो, उदाहरणार्थ रापाला एक्स-रॅप मॅग्नममधले १०, १५, २०, ३० हे फुटांतल्या खोलीचे आकडे. तुमची ४० पौंडी ब्रेड जाड आहे. पाणी तिला वर उचलतं आणि तिच्याबरोबर लूरलाही. ३० किंवा २० पौंडी घ्या. चोणकाला एवढी पुरते; जाडी लीडरमध्ये हवी, मुख्य दोरीत नको.

मग प्रत्येक लूर मोजून घ्या. हे काम एका सकाळचं आहे, पण ते केल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. भरती संपून पाणी थबकलेलं असताना अडथळा नसलेला वाळूचा सपाट भाग शोधा, साउंडरवर २.५ मीटर. १० मीटर दोरी सोडा आणि ठरलेल्या वेगाने ओढा. टोक एकसारखं थरथरेल. मग पाच-पाच मीटरने वाढवा. ज्या लांबीला थरथर मोडून 'टक-टक' असा ठोका येऊ लागतो, तिथे लूर तळाला लागला. त्या जागी दोरीवर न पुसणाऱ्या पेनने खूण करा आणि वहीत लिहा : अमुक लूर, अमुक दोरी, इतके मीटर, इतकी खोली. असंच ३ आणि ३.५ मीटरवर करा. चिखलावर ठोका स्पष्ट येत नाही, म्हणून वाळू म्हटलं. साधारण ३०-३५ मीटरनंतर दोरी वाढवून फारसा फायदा होत नाही. दोरीचाच ओढा लूर वर आणतो. त्यापुढे जास्त खोल जाणारा लूर लावायचा.

लूर तळापासून अर्ध्या मीटरच्या आत चालला पाहिजे, आणि मधून मधून टेकला तर उत्तम. टेकून उसळलेल्या लूरवर ठोका जास्त येतो. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : उधाणाला मुरगावच्या तोंडाशी पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि आत सुमारे ४० किलोमीटरपर्यंत ही चढउतार फार कमी होत नाही. म्हणजे भरतीला ३.५ मीटर असलेली कड ओहोटीला सव्वा-दीड मीटर उरते. एकच लूर दिवसभर चालणार नाही. दर अर्ध्या तासाने साउंडर बघून लूर किंवा दोरी बदला.

लूर आडवा पडतो त्याची कारणं दोन : वेग जास्त, किंवा लूर वाकडा. होडीच्या बाजूला दोन मीटर दोरीवर सोडून बघा. सरळ न जाता एका अंगाला झुकत असेल तर त्याचं नाक स्वतःकडे धरा आणि झुकतो त्याच्या उलट बाजूला पुढची कडी पक्कडीने केसभर वाकवा. केसभरच. पुन्हा सोडून बघा. कडीला क्लिप किंवा घट्ट गाठ असेल तर काढा, सैल फासाची गाठ मारा. लूर मोकळा डुलतो.

---

बोरीपूल_९.९

वेगाचं मी सांगतो, कारण तुमचं 'कधी थरथरतं, कधी मेल्यासारखं' हे पूर्णपणे तिथलंच आहे.

मोबाइल जमिनीवरचा वेग सांगतो. लूरला कळतो फक्त पाण्यातला वेग. झुआरीत जोराची ओढ असताना पाणी ताशी अडीच किमीने सहज वाहतं. तुम्ही ओढीबरोबर ५ धरता तेव्हा लूरला मिळतात जेमतेम अडीच, तेही न्यूट्रलमुळे तुटक. ओढीविरुद्ध ५ धरता तेव्हा लूरला साडेसात. एकीकडे लूर झोपतो, दुसरीकडे आडवा होऊन वर येतो. जीपीएस खिशात ठेवा आणि रॉडचं टोक बघा. पाण्यातला वेग साडेतीन ते साडेचार हवा, आणि तो ओळखायची खूण म्हणजे टोकाची एकसारखी, जलद थरथर. थरथर एकदम थांबली तर लूरला पान किंवा प्लास्टिक अडकलं. लगेच गुंडाळून साफ करा, नाहीतर पुढची फेरी फुकट.

शक्यतो ओढीविरुद्ध किंवा तिरकं ओढा. विरुद्ध जाताना होडी जमिनीवरून हळू सरकते, लूर त्या जागेवर जास्त वेळ राहतो, आणि सुकाणू हातात राहतं.

आयडलवरही वेग जास्त वाटला तर बालदी वापरा. तळाला तीन-चार भोकं पाडलेली मजबूत बालदी, दोरी पुढच्या कड्याला बांधून बाजूने सोडायची. दोरीची लांबी अशी की बालदी होडीच्या मध्यापर्यंतच पोहोचेल, पंख्यापर्यंत कधीच नाही. टू-स्ट्रोक तास-तास आयडलवर चालवलं की प्लग तेलकट होऊन काळे पडतात. दर अर्ध्या तासाला दोऱ्या गुंडाळून दोन मिनिटं मोठ्या थ्रॉटलवर पळवा, आणि एक सुका प्लग व पाना सोबत असू द्या.

गुंता : दोन्ही लूर सारख्या लांबीवर नकोत. खोल जाणारा जवळ, १५ मीटरवर; उथळ चालणारा लांब, २५ मीटरवर. वळताना खोल लूर दुसऱ्याच्या खालून निघून जातो. रॉड बाहेरच्या बाजूला आडवे लावा, दोन टोकांत तीन मीटर अंतर पडलं पाहिजे. वळण रुंद घ्या, फुटबॉलच्या अर्ध्या मैदानाएवढं. वळणात आतला लूर मंदावून वर येतो आणि बाहेरचा जोर धरतो. ठोका कुठल्यावर आला ते लक्षात ठेवा : आतल्यावर आला तर पुढची फेरी हळू, बाहेरच्यावर आला तर थोडी जलद.

लूर अडकला तर रॉड झटकू नका. झटक्याने गरी लाकडात आणखी रुतते. लगेच न्यूट्रल, दोरी सैल. तरंगता लूर पुष्कळदा आपोआप मागे सुटून वर येतो. नाही आला तर होडी अडकल्या जागेच्या पलीकडे नेऊन उलट दिशेने ओढा. शिशाचं जड कडं जाड दोरीवर बांधून मुख्य दोरीवरून खाली सोडलं तरी काम होतं.

---

आगशी_होडी

दोघांचेही मनापासून आभार. वेगाचा घोळ आता स्पष्ट कळला. सुटण्याबद्दल कोणी सांगेल का? ड्रॅग (रीलमधून दोरी सुटायचा ताण) किती ठेवायचा आणि इंजिन कधी बंद करायचं?

---

गरी_आणि_गाठ

आधी लीडर. चोणकाला दोरी कापणारे दात नसतात, खरखरीत पॉलिशपेपरसारखे दात असतात. पण कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. तुमचा ३० पौंडी लीडर 'खरवडून' तुटतो तो यामुळे. ५० किंवा ६० पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) घ्या, दीड मीटर. हातभर अपुरा आहे, कारण मासा वळला की दोरी त्याच्या अंगावरून जाते, आणि खांबावरची कालवं ब्रेडला क्षणात कापतात. ब्रेड-लीडरला एफजी गाठ, जमत नसेल तर डबल युनी. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांतून ओढून बघा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा.

पाकिटातल्या ट्रेबल बहुधा हलक्या असतात. त्याच मापाच्या ४एक्स जाडीच्या लावा, कड्याही बदला. वजन वाढल्याने तरंगता लूर बुडायला लागू शकतो, म्हणून नदीच्याच पाण्यात सोडून पाहा. घरच्या गोड्या पाण्यात तो वेगळा वागतो. बुडत असेल तर मागे एकेरी गरी लावा. एकेरी गरी पकडते चांगली आणि मासा सोडताना जखम कमी होते.

ड्रॅग हाताच्या अंदाजाने नको, वजनकाट्याने मोजा. ३० पौंडी ब्रेडला, रॉड होल्डरमध्ये असताना ३ किलो. जास्त असेल तर होडीचा वेग आणि माशाचा झटका मिळून गरी सरळ होते किंवा तोंड फाटतं. तुमचं तेच होत असावं. कमी असेल तर गरी रुततच नाही, चोणकाचं तोंड टणक असतं. ठोका बसल्यावर इंजिन तत्काळ बंद करू नका. दोन-तीन सेकंद गिअरमध्ये राहू द्या, होडीच गरी रुतवते. मग न्यूट्रल, दुसऱ्याने दुसरी दोरी गुंडाळायची. मासा आडोशाकडे धावत असेल तर पुन्हा गिअर टाकून त्याला बाहेर ओढा, मग थांबा.

उडी : दोरी वर सरकताना दिसली की रॉडचं टोक पाण्यात घाला आणि बाजूला ओढा. टोक वर असेल तर मासा पूर्ण बाहेर येऊन डोकं झटकतो आणि जड लूरच्या झोक्याने गरी निसटते. शेवटी जवळ आल्यावर तो हमखास एकदा होडीखाली धावतो. ड्रॅग त्या आधी अर्ध्या वळशाने सैल करा. घ्यायला रबराच्या जाळीचं झेलं वापरा, डोक्याकडून. कल्ल्यात बोटं घालू नका.

मोठा चोणक सोडावा असं माझं ठाम मत आहे. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. ८०-९० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक माद्याच. खाण्यासाठी मधल्या मापाचा पुरे. सोडताना जबड्याने लटकवू नका, पोटाखाली हात द्या, ओढीकडे तोंड करून धरा आणि तो स्वतः शेपूट मारेपर्यंत थांबा.

---

मानशीकडला

वेळेचं राहिलं होतं. ओहोटीचे शेवटचे दोन तास, थबकलेलं पाणी आणि भरतीचा पहिला तास. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या दोन्ही बाजूंना, ओढ जोराची आणि पाणी गढूळ. भांगाला, अष्टमीच्या आसपास, पाणी निवळ आणि ओढ मंद. लूरने ट्रोलिंग करायला भांगाकडे झुकणारे दिवस बरे. हात बुडवल्यावर कोपरापर्यंत दिसत नसेल तर गडद रंगाचा, खुळखुळ्याचा लूर लावा. भरती-ओहोटीचं टेबल मुरगावचं वापरा, मुंबईचं नको, तिथे भरती उशिरा लागते. आत बोरीकडे मुरगावपेक्षा उशीर होतो. बांधावर खूण करून दोन-तीन दिवस फरक मोजलात की तुमच्या जागेचा हिशेब कायमचा हाती येतो.

बार्जच्या मार्गात दोऱ्या सोडून राहू नका. भरलेली बार्ज पटकन वळू किंवा थांबू शकत नाही. लाट आली की नाक लाटेकडे करा. फेरीबोटीच्या धक्क्यापासूनही लांब. किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, लाइफ जॅकेट अंगात. खुंटांवरची जाळी आणि तरंडं दिसली की बाहेरून वळसा. त्या जाळ्यावर कोणाचं तरी घर चालतं. कुंभारजुव्याच्या कालव्यात गेलात तर मगरी आहेत, तिथे मासा होडीबाहेर हात घालून सोडू नका. चोडणच्या पक्षी अभयारण्याच्या हद्दीत गरवायचं नाही. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत आउटबोर्डवाल्या लहान होडीला काय लागू होतं, ते मत्स्योद्योग खात्याच्या त्या वर्षीच्या आदेशात वाचूनच पाण्यात उतरा.

---

बोरीपूल_९.९

एक राहिलं : साउंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यातला संवेदक) मागे इंजिनजवळ असेल तर तो दाखवतो ती कड लूरपर्यंत यायला वेळ लागतो. जमिनीवरच्या ४ किमी वेगाला २५ मीटर म्हणजे साधारण बावीस सेकंद. चढ दिसल्यावर मोजा. वीस झाले की रॉडचं टोक वर उचला, लूर चिऱ्यांवरून निघून जातो. त्याच ठिकाणी ठोका येतो, तेव्हा हात रॉडवर असू द्या.