आर्कजीआयएस ऑनलाइन: स्वयंसेवकांची खाती आणि नकाशांचा बॅकअप स्क्रिप्टने सांभाळायचा आहे, सल्ला हवा

खाडीकिनारा

नमस्कार मंडळी,

ठाणे खाडीच्या मुंबईकडच्या काठाला, मुलुंड-भांडुपपासून खाली मानखुर्दपर्यंत, कांदळवनात कुठे कुठे राडारोडा टाकला जातो याची नोंद आमची छोटी संस्था ठेवते. ओहोटी बघून कॉलेजची मुलं जातात, मोबाइलवर सर्व्हे१२३ या ॲपचा मराठी फॉर्म भरतात, फोटो काढतात आणि नोंद आर्कजीआयएस ऑनलाइनवर, म्हणजे एस्री कंपनीच्या नकाशे आणि माहिती ठेवायच्या वेब सेवेवर, जमा होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनाची नासधूस म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग, असा निकाल दिला. तेव्हापासून तक्रारीला वजन आलंय, पण तक्रारीसोबत जागा, तारीख आणि फोटो तिन्ही पक्के लागतात. म्हणजे आमची सगळी मेहनत त्या एका खात्यात आहे.

आता अडचण. मुलं बहुतेक एनएसएसची. जूनमध्ये नवी तुकडी येते, परीक्षा आल्या की जुनी पांगते. खाती उघडणं, भूमिका देणं, गटात घालणं, नंतर काढणं हे सगळं मी एकेक क्लिक करून करते. त्यात आमचे नकाशे ज्याने उभे केले तो सहकारी पुढच्या शिक्षणासाठी परदेशी चालला आहे आणि निम्मे लेयर (नकाशावरचे माहितीचे थर) त्याच्या नावावर आहेत. बॅकअप म्हणाल तर अधूनमधून कुणीतरी शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा जुना फाइल प्रकार) उतरवून ठेवतं, तेवढाच.

मला पायथन कामापुरतं येतं. कुठून सुरुवात करू? तयार साधन घ्यावं की स्वतः लिहावं?

अक्षांश_रेखांश

ताई, स्वतःच लिहा. तयार साधनं बाजारात आहेत आणि काही चांगलीही आहेत, पण तुमचं काम एवढं मोठं नाही. शिवाय स्क्रिप्ट लिहिताना आपल्या खात्यात नक्की काय काय पडलंय ते कळतं, हा फायदा विकत मिळत नाही. एस्रीची 'आर्कजीआयएस एपीआय फॉर पायथन' ही लायब्ररी पिप किंवा कोंडा या पायथनच्या नेहमीच्या साधनांनी बसते. वापरकर्ते, गट, वस्तू (म्हणजे खात्यात ठेवलेले लेयर, नकाशे, फॉर्म) सगळं तिच्यातून हाताळता येतं.

पहिलं काम सहकाऱ्याचं, कारण तो निघाला आहे. ज्याच्या नावावर वस्तू किंवा गट आहेत ते खातं काढताच येत नाही, आधी मालकी हलवावी लागते. युझर ऑब्जेक्टवर 'रीअसाइन_टू' आहे, त्याने सगळं एका दमात दुसऱ्या नावावर जातं. ते दुसरं नाव तुमचंही नको. संस्थेच्या नावाचं एक खातं उघडा, त्याचा ईमेलही संस्थेचा ठेवा, आणि सगळे मूळ लेयर, फॉर्म, वेबमॅप त्याच्याकडे द्या. माणसं बदलतात, त्या खात्याला राजीनामा द्यायचा नसतो. सहकारी इथे आहे तोवरच हे करा. कुठला लेयर कशासाठी आणि कुठला नुसता प्रयोग म्हणून केलेला, हे त्याच्याशिवाय कुणी सांगणार नाही. त्याला शेजारी बसवून यादीवर खुणा करून घ्या.

आणि मालकी हलली की लगेच मूळ लेयरना डिलीट प्रोटेक्शन लावा. 'प्रोटेक्ट' एवढीच आज्ञा आहे, चुकून कुणी उडवू शकत नाही. हल्ली रीसायकल बिन आलाय, पण त्यात वस्तू १४ दिवसच राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढे दिवस कसे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मुलांच्या खात्यांसाठी एक साधी सीएसव्ही ठेवा: नाव, ईमेल, कॉलेज, तुकडी, कुठल्या पट्ट्यात काम. स्क्रिप्ट ती वाचेल, जे खातं नाही ते उघडेल, भूमिका देईल, तुकडीच्या गटात टाकेल. भूमिका मात्र स्वतःची बनवा. नोंद करता यावी, पण लेयर काढता येऊ नये आणि काही सार्वजनिक करता येऊ नये. वर्ष संपलं की तीच यादी उलटी चालवायची: आधी खातं बंद, महिनाभराने वस्तू हलवून खातं काढणं. थेट काढू नका. परीक्षा संपल्यावर 'माझ्या फोनमध्ये आठ नोंदी न पाठवता राहिल्यात' म्हणून कुणीतरी हमखास येतं. बंद खातं पुन्हा सुरू करता येतं.

शेवटचं लॉगिन बघून गाळणी लावायची असेल तर 'लास्टलॉगिन' मिलिसेकंदात येतो, त्याला १००० ने भागा. जो कधीच आत आला नाही त्याचा आकडा उणे १ असतो. तो तारखेत बदलला तर १९६९ किंवा १९७० निघतं आणि नुकतंच बोलावलेलं मूल जुनं समजून यादीत जातं. ती अट वेगळी लिहा.

बॅकअपकडे येतो. सगळ्यात फसवा भाग शोधाचा आहे. 'कंटेंट.सर्च'ला काही सांगितलं नाही तर तो फक्त १० वस्तू देतो. 'युझर.आयटम्स' १०० पर्यंत देतो, पण फोल्डरचं नाव दिलं नाही तर फक्त मूळ फोल्डरातल्याच. चूक दाखवत नाही, स्क्रिप्ट 'झालं' म्हणून संपते आणि निम्मा माल मागेच राहतो. म्हणून प्रत्येक वापरकर्ता, त्याचा प्रत्येक फोल्डर असं फिरा, आणि शेवटी मिळालेल्या वस्तूंची संख्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या संख्येशी ताडून बघा.

वस्तूच्या जातीप्रमाणे वेगळं वागायचं. वेबमॅप, डॅशबोर्ड यांचा 'गेट_डेटा' जेसन देतो, ती छोटीशी मजकूर फाइल असते, सरळ गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवा. होस्टेड फीचर लेयर, म्हणजे ज्यात प्रत्यक्ष नोंदी असतात तो, मात्र 'एक्सपोर्ट' करून फाइल जिओडेटाबेस (जोडलेले फोटोही सामावणारा एस्रीचा फाइल प्रकार) म्हणूनच उतरवा. एक्सपोर्टने खात्यात एक नवी वस्तू तयार होते. ती 'डाउनलोड' करायची आणि मग खात्यातून काढायची, नाहीतर दर आठवड्याला ढीग वाढत जाईल.

शेपफाइल बंद करा, हे कळकळीने सांगतो. त्यात जोडलेले फोटो येत नाहीत. कॉलमचं नाव १० अक्षरांपुढे जात नाही, आणि मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइटची. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून. म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. मुलांनी मराठीत लिहिलेला शेरा मध्येच तुटणार. सोबतची .सीपीजी फाइल (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते सांगणारी) हरवली तर उरलेल्याचीही गिचमिड दिसेल. तुमच्या जुन्या शेपफाइली एकदा उघडून शेऱ्याचा रकाना बघाच.

भांडुपकर

मी जरा वेगळं सुचवतो. दरवर्षी खात्यांची ही कसरत करण्यापेक्षा क्यूफील्ड (नोंदी घ्यायचं मुक्त ॲप) आणि पोस्टजीआयएस (नकाशांच्या माहितीचा मुक्त डेटाबेस) यांवर का जात नाही? मुलांना फोनवर क्यूफील्ड, माहिती स्वतःच्या सर्व्हरवर, बॅकअप म्हणजे रोज रात्री एक 'पीजी_डम्प', म्हणजे डेटाबेसची प्रत काढायची आज्ञा. माहिती आपल्या हातात राहते. कांदळवनासारख्या कामात हे मला महत्त्वाचं वाटतं.

अक्षांश_रेखांश

भांडुपकर, तत्त्व पटतं. पण सर्व्हर कोण सांभाळणार? ताईंकडे आज पायथन येणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे त्या स्वतः. सर्व्हरचे अपडेट, सुरक्षा, पावसाळ्यात ऑफिसची वीज, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर येईल. तरी दार उघडं ठेवता येतं. फाइल जिओडेटाबेस क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडते, त्यामागच्या जीडाल लायब्ररीच्या ३.६ आवृत्तीपासून तिच्यात लिहिताही येतं. बॅकअप त्या रूपात असला की उद्या पोस्टजीआयएसला जायला अडचण नाही.

खाडीकिनारा

दोघांचेही आभार. शेपफाइल उघडून पाहिली. शेरे खरंच तुटलेत, काही ठिकाणी शेवट '...येथे रात्री डंपर ये' असा अर्धवटच राहिलाय. सुदैवाने मूळ लेयर शाबूत आहे, आजच जिओडेटाबेस उतरवते.

फोटोंचं विचारायचं होतं. मोठ्या लेयरला हजारो फोटो आहेत आणि एक्सपोर्ट खूप वेळ घेऊन मध्येच अडकतो. आणि तक्रारीसाठी नोंद कुणी, कधी केली हे टिकायला हवं. बॅकअपमधून परत आणल्यावर ते राहतं का?

मोजणीदार

हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं. बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत.

फोटो वेगळे उतरवा. लेयरच्या 'अटॅचमेंट्स'मधून प्रत्येक नोंदीची यादी मिळते, एकेक फोटो डाउनलोड होतो. फाइलचं नाव ऑब्जेक्टआयडीवरून (लेयरमधल्या नोंदीच्या अनुक्रमांकावरून) देऊ नका. लेयर पुन्हा प्रसिद्ध केला की ते आकडे बदलू शकतात, आणि मग मुलुंडचा फोटो मानखुर्दच्या नोंदीला चिकटतो. ग्लोबलआयडी, म्हणजे नोंदीची एकमेव लांबलचक ओळख, वापरा. एकदा उतरवलेला फोटो परत उतरवायची गरज नाही, नवे तेवढे घ्या. दर वेळी पहिल्यापासून एक्सपोर्ट करायची पाळी येणार नाही.

लेयर बदललाय का हे ओळखायला वस्तूच्या 'मॉडिफाइड' तारखेवर विसंबू नका. लेयरच्या गुणधर्मांत एडिटिंगइन्फोमध्ये 'लास्टएडिटडेट' असतो, तो माहिती कधी बदलली ते सांगतो.

आता तारखा. एडिटर ट्रॅकिंगच्या (नोंद कुणी, कधी केली हे आपोआप लिहिणाऱ्या सोयीच्या) वेळा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठतात. तुमची मुलं ओहोटीला पहाटे जातात. पहाटे ५ ची नोंद यूटीसीत आदल्या दिवशी रात्री ११:३० ला पडते. ब्राउझरमध्ये बरोबर दिसते कारण तो साडेपाच तास मिळवून दाखवतो, पण स्क्रिप्टने काढलेल्या सीएसव्हीत तारीख एक दिवस मागे जाते. तीच सीएसव्ही तक्रारीला जोडली आणि फोटोवरची तारीख वेगळी निघाली तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. स्क्रिप्टमध्ये वेळ भारतीय वेळेत बदलून वेगळ्या रकान्यात लिहा, मूळ रकाना तसाच राहू द्या.

परत आणताना खरी काळजी घ्यायची ती इथे. एडिटर ट्रॅकिंग चालू असलेल्या लेयरमध्ये नुसत्या नोंदी ओतल्या तर 'कुणी केली, कधी केली' या जागी आणणाऱ्याचं नाव आणि आणल्याची वेळ बसू शकते. म्हणून दोन गोष्टी करा. फॉर्ममध्येच पाहणीची तारीख-वेळ आणि पाहणाऱ्याचा क्रमांक असे आपले स्वतःचे रकाने ठेवा, ते कुणी आपोआप बदलत नाही. आणि उतरवलेल्या प्रत्येक झिपचा शा-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून तारखेसह एका वहीत लिहून किंवा ईमेलने स्वतःला पाठवून ठेवा. फाइलला नंतर हात लागलेला नाही हे दाखवता येतं.

वेबमॅपचंही लक्षात ठेवा. जिओडेटाबेसमधून लेयर नव्याने प्रसिद्ध केला की त्याला नवा आयटम आयडी आणि नवा पत्ता मिळतो. जुना वेबमॅप, डॅशबोर्ड, सर्व्हे१२३चा फॉर्म जुन्याच पत्त्यावर बघत राहतात. जेसनमध्ये जुना आयडी शोधून नवा घालावा लागतो, म्हणून कुठल्या वेबमॅपमध्ये कुठले लेयर आहेत याची यादी बॅकअपसोबत हवीच. लायब्ररीतली 'क्लोन_आयटम्स' ही प्रत काढायची आज्ञा ही जोडणी स्वतः करते, पण तिला मूळ वस्तू जिवंत लागते. मूळच उडाली असेल तर तिचा उपयोग नाही.

समुद्रसपाटी

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. फीचर (लेयरमधल्या नोंदींच्या) साठवणुकीला दर १० एमबीला महिन्याला २.४ क्रेडिट (आर्कजीआयएस ऑनलाइनचं वापराचं एकक) जातात आणि साध्या फाइलींना, जोडलेल्या फोटोंसह, दर १ जीबीला १.२. म्हणजे तेवढीच माहिती लेयर म्हणून ठेवली तर फाइलपेक्षा सुमारे २०० पट महाग पडते. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या चाचणीचे लेयर कुणी बघत नसेल तर जिओडेटाबेस उतरवून, तपासून, लेयर काढून टाका. सहकाऱ्यासोबत यादी करताना हेही उरकून जाईल.

दुसरं, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. लायब्ररीत 'प्रोफाइल' आहे, विंडोजवर तो क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठतो. ज्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन आहे ते स्क्रिप्टला नुसत्या नाव-पासवर्डाने आत घेत नाही. त्यावर उपाय म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्यावरचं ते संरक्षण काढू नका, स्क्रिप्टसाठी ओऑथ (पासवर्ड न देता परवानगी द्यायची पद्धत) वापरा.

आणि मुलांची यादी, फोन नंबर, फोटोत आलेले चेहरे हे सगळं त्या बॅकअपमध्ये आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी रात्री डंपरने राडारोडा टाकणाऱ्यांचे फोटो काढणारी ही अठरा-वीस वर्षांची मुलं आहेत. त्यांची नावं असलेली डिस्क कुणाच्या हाती लागता कामा नये. डिस्क एन्क्रिप्ट करा, आणि नाव-क्रमांकाची जोडणी नकाशाच्या बॅकअपपासून वेगळी ठेवा.

खाडीकिनारा

समुद्रसपाटी, हे शेवटचं मनाला लागलं. फॉर्ममधून मुलांची नावं काढून क्रमांक घालते, मोजणीदार म्हणाले तसंच. नावांची वही फक्त समन्वयकाकडे राहील.

सहकाऱ्याबरोबर शनिवारी बसायचं ठरलंय. स्क्रिप्ट ऑफिसच्या संगणकावर टास्क शेड्युलरने लावायचा विचार आहे, पण रात्री तो बंद असतो. आर्कजीआयएसच्या नोटबुकमध्ये (त्यांच्याच सर्व्हरवर पायथन चालवायच्या सोयीत) लावली तर चालेल का? आणि परत आणून बघायची चाचणी कुठल्या लेयरवर करू?

अक्षांश_रेखांश

खात्यांच्या स्क्रिप्टला नोटबुक उत्तम. स्टँडर्ड नोटबुकला क्रेडिट लागत नाहीत आणि वेळ लावून ठेवता येते. बॅकअप मात्र तिथे नको. तो त्याच खात्याच्या पोटात राहील, आणि ज्या दिवशी खात्यातच शिरता येणार नाही त्या दिवशी बॅकअपही आतच अडकेल. तो ऑफिसच्या संगणकावर दुपारी चालू द्या, रात्रीच हवा असं काही नाही. दुसरी डिस्क ऑफिसबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या घरी. चेंबूर-कुर्ल्याकडे तळमजल्यावर ऑफिस असेल तर हे मी वेगळं सांगायला नको.

चाचणीला सगळ्यात जास्त फोटो असलेला लेयर घ्या. छोटा लेयर परत आला तर त्यातून काहीच कळत नाही. नव्या नावाने प्रसिद्ध करा, वेबमॅपची प्रत त्याला जोडा, आणि पहाटेच्या पाच-सहा नोंदी उघडून फोटो, शेरा आणि तारीख मूळ लेयरशी ताडून बघा. काही जुळलं नाही तर इथे लिहा, मी या आठवड्यात आहे.