‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या अभिवाचनाला संगीत कोणतं घ्यावं?

गोदाकाठ:
नाशिकला साईखेडकर नाट्यगृहात मराठी अभिवाचन करायचं आहे. वेळ ७५ मिनिटं, सहा वाचक, संगीत रेकॉर्डेड. याच नाटकावरचं चायकोव्हस्कीचं ‘फँटसी ओव्हर्चर’ (वाद्यवृंदाची रचना) सबंध वाचनाखाली मंद आवाजात सुरू ठेवायचं डोक्यात आहे. त्यातली प्रेमाची धून बाल्कनीच्या प्रवेशाला बरोबर यायला हवी, तर सुरुवात कुठून करावी? शिवाय वेळेसाठी फ्रायर (मठवासी साधू) जॉनचा प्रवेश आणि ज्युलिएटच्या पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्नाच्या वारांची अदलाबदल कापली आहे. चालेल ना?

तिसरी घंटा:
कापलेलं आधी परत घाला. लग्न गुरुवारी ठरलेलं असतं. ज्युलिएट होकार देते आणि बाप खूश होऊन ते बुधवारवर आणतो. म्हणून हे लग्न टाळायला फ्रायर लॉरेन्सने दिलेलं, मेल्यासारखं भासवणारं, बुधवारी रात्री घ्यायचं औषध तिला मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं. गुंगी ४२ तासांची. म्हणजे ती एक दिवस आधी जागी होणार, आणि मांटुआत हद्दपार असलेल्या रोमिओला ही योजना कळवणारं पत्र पोचवायला लॉरेन्सच्या हातात होता त्यातला एक दिवस गेला. त्यात पत्र नेणारा फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र तसंच परत येतं. रोमिओला नोकराकडून कळतं ते एवढंच की ज्युलिएट गेली. हे दुवे काढले तर शेवट निव्वळ अपघात वाटतो. जॉनचा प्रवेश जेमतेम तीसेक ओळींचा आहे, दीड-दोन मिनिटांत होतो. त्याऐवजी कापायचंच असेल तर नोकरांच्या शाब्दिक कोट्या आणि चौथ्या अंकाच्या शेवटची वादकांची थट्टा कापा. कोट्या तशाही भाषांतरात टिकत नाहीत.

पंचम:
चायकोव्हस्की वाचनाखाली लावूच नका. १८६९ ची ही रचना त्यांनी १८८० मध्ये पक्की केली, ती साधारण वीस मिनिटांची. पण ती कथेच्या क्रमाने जात नाही. सुरुवातीला क्लॅरिनेट-बसूनवर फ्रायर लॉरेन्सची प्रार्थनेसारखी धून, मग दोन घराण्यांची मारामारी, आणि साधारण साडेसात मिनिटांनी कॉर आंग्ले (ओबोच्या जातीचं सुषिर वाद्य) व व्हायोलांवर प्रेमाची धून. त्यानंतर पुन्हा मारामारी. म्हणजे बाल्कनीचं जुळवलंत तरी पुढच्या हळव्या वाक्यांवर झांजा कोसळणार. तिचा शेवट मात्र जरूर वापरा: टिंपनीच्या संथ ठोक्यांवर तीच प्रेमाची धून शोकगीत होऊन येते. शेवटचं वाक्य संपल्यावर, अंधारात.

प्रवेशागणिक तुकडे हवे असतील तर प्रोकोफिएव्हचं बॅले घ्या (१९३५). त्याच्या दुसऱ्या सुइटमधला (सुइट म्हणजे बॅलेतल्या निवडक तुकड्यांचा संच) पहिला तुकडा कॅप्युलेटांच्या, म्हणजे ज्युलिएटच्या घरच्या मेजवानीला, पहिल्या सुइटमधला ‘टिबल्टचा मृत्यू’ द्वंद्वाला. त्यात टिबल्ट कोसळताना ऑर्केस्ट्राचे पंधरा घाव येतात. त्या वेळी वाचक गप्पच हवेत. थडग्याला दुसऱ्या सुइटचा शेवटचा तुकडा. मृत्यूनंतर ६० वर्षांच्या नियमाने प्रोकोफिएव्हची (मृत्यू १९५३) रचना भारतात मुक्त आहे, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. त्याची परवानगी आधी घ्या.

विंगेतून:
पंचम यांच्याशी सहमत, फक्त रोमिओ-ज्युलिएटची पहिली भेट पूर्ण कोरडी, संगीताविना ठेवा. तिथले १४ चरण मिळून एक सुनीत (सॉनेट) होतं: चार रोमिओचे, चार ज्युलिएटचे, उरलेले दोघांत वाटलेले. यमकं कानावर पडली तरच दोघं मिळून एक कविता रचताहेत हे कळतं. भाषांतर गद्य असेल तर निदान एवढा तुकडा पद्यात करून घ्या.

आणि पहाटेच्या निरोपाला परकं संगीत कशाला? ती म्हणते नाइटिंगेल गातोय, रात्र आहे. तो म्हणतो चंडोल आहे, उजाडलं. अख्खा प्रवेश रात्र की पहाट यावर उभा आहे आणि आपल्याकडे ललित नेमका त्याच वेळेचा राग. दोन्ही मध्यम, पंचम स्वर वर्ज्य, त्यामुळे सूर विसावत नाही. सारंगीवर दीड मिनिट आलाप, तबला नको. प्रवेशाआधी सुरू करा आणि पहिल्या वाक्याआधी तानपुऱ्यासकट थांबवा. तानपुरा नुसता खाली चालू राहिला तर वाचक नकळत त्या सुरात बोलायला लागतात आणि सगळी वाक्यं एकाच पट्टीत येतात.

गोदाकाठ:
जॉन परत आला, वादक गेले. बाल्कनीला मग काहीच नको?

पंचम:
वाक्यांखाली नको. पहिल्या सुइटमध्ये बाल्कनीचा तुकडा आहे, त्याची सुरुवात प्रवेशाआधी मिनिटभर वाजवा आणि दहा सेकंदांत उतरवत न्या. एकदम तोडलंत तर प्रेक्षकांना वाटेल सिस्टीम बंद पडली.