मदत हवी आहे: मुलांना घेऊन इनडोअर क्लाइंबिंगला जायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५ मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढणारे खेळाडू पाहिल्यापासून आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने ध्यासच घेतलाय. मुंब्र्याचे कडे जवळ आहेत, पण पावसात ओल्या दगडावर मुलांना नेणार नाही.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अशी इनडोअर भिंत कुणी स्वतः पाहिली आहे का? धाकटा पाच वर्षांचा आहे. इतक्या लहान कमरेवरून साधा हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) निसटू शकतो, म्हणून खांद्यावरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस मिळतो का, हे आधी सांगा. दोर सांभाळायला प्रशिक्षक असतो की आईबाबांनी शिकायचं? सासूबाईही येणार आहेत, त्यांना बसायला जागा हवी.