सहा मॉड्यूल, एकच आवृत्ती: रिलीज स्क्रिप्ट कशी बांधावी?

कोरीपाटी
आमची सहा मॉड्यूल एकाच गिट रेपोत (कोडच्या साठ्यात) आहेत, एकमेकांवर अवलंबून. मागच्या रिलीजला स्क्रिप्ट मध्येच थांबली. दोन मॉड्यूल एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारात) गेली, चार राहिली. गेलेली दोन काढून त्याच आवृत्ती-क्रमांकाने चढवायला गेलो, तर नकार आला. आता २.०.० काढायची आहे. कृपया सुचवा.

उंबरठा
एकदा वापरलेला क्रमांक एनपीएम पुन्हा वापरू देत नाही, आणि ते योग्यच आहे. एका क्रमांकाचे दोन वेगळे कोड फिरू लागले तर बग शोधायचा कुठे?

स्क्रिप्टचे दोन भाग करा. पहिल्यात जे परत फिरवता येतं ते सगळं: क्रमांक बदलणं, चाचण्या, बिल्ड, पॅकेज. तयार पॅकेज रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून बघाच. रेपोत नीट चालणारं मॉड्यूल, एक फाइल पॅकेजमध्ये यायची राहिली म्हणून मोडलेलं मी अनेकदा पाहिलंय. सहाही पार पडली तरच दुसरा भाग, म्हणजे प्रकाशन. त्यात ज्याच्यावर बाकीची अवलंबून आहेत ते आधी. प्रत्येक वेळी ‘हा क्रमांक तिथे आहे का?’ हे तपासा, असेल तर पुढच्या मॉड्यूलकडे जा. मग मध्येच नेट गेलं तरी तीच स्क्रिप्ट बिनधास्त पुन्हा चालवता येते.

सातबारा
स्क्रिप्ट बॅशमध्ये असेल तर ‘सेट -ई’सोबत (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सोय) ‘पाइपफेल’ही लावा, म्हणजे पाइपने जोडलेल्यांपैकी कुठलीही कमांड फसली तरी ते कळतं. आम्ही चाचण्यांचं आउटपुट पाइपने ‘टी’ या कमांडला देऊन लॉगमध्ये टाकत होतो. बॅश पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो, त्यामुळे चाचण्या पडल्या तरी स्क्रिप्ट पुढे गेली!

शिवाय थेट २.०.० नको, आधी २.०.०-आरसी.१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिमच्या आधीची आवृत्ती) काढा, एनपीएमच्या ‘नेक्स्ट’ टॅगखाली. आरसी आणि आकड्यामधला टिंब विसरू नका. ‘आरसी१०’ असं लिहिलंत तर अक्षरांप्रमाणे तुलना होऊन ते ‘आरसी९’च्या आधीचं ठरतं.

कोरीपाटी
लॉग पुन्हा वाचला. टोकनला (स्क्रिप्ट एनपीएमला दाखवते त्या परवान्याला) तिसऱ्या मॉड्यूलवर लिहायचा अधिकारच नव्हता. ही तपासणी पहिल्या भागात घेतो. गिटचा टॅग, म्हणजे कोडमधल्या त्या टप्प्यावरची आवृत्तीची खूण, कधी लावायचा?

उंबरठा
पहिला भाग संपल्यावर लोकल टॅग लावा, पुश (सामायिक रेपोत पाठवणं) मात्र सहाही चढल्यावर. पुश केलेला टॅग हलवू नका. ज्यांनी तो आधीच फेच केलाय, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतलाय, त्यांच्याकडे जुनाच राहतो.