विषय: जुन्या कंपनीचे ४०१-के खाते, मंगळवारपर्यंत फॉर्म

सप्रेम नमस्कार,
जूनमध्ये आम्ही अमेरिकेतून कायमचे कोल्हापूरला परतत आहोत. राजारामपुरीतल्या घराचे रंगकाम संपत आले, पण जुन्या कंपनीतल्या ४०१-के या निवृत्तीबचत खात्याचा फॉर्म अजून कोराच आहे. त्यावर चार चौकटी आहेत: पैसे तिथेच ठेवणे, पारंपरिक आयआरएत (स्वतः उघडायच्या निवृत्ती खात्यात) वळवणे, रॉथ आयआरएत वळवणे किंवा चेक घेणे. धाकटे दीर म्हणतात, रॉथ म्हणजे आपले पीपीएफच, डोळे झाकून खूण करा. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात खजिनदार काकांनी हे समजावले होते, परंतु तेव्हा मी मोदक वळत होते.
– हळदीकुंकू समिती

वहिनी,
दीरांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. पीपीएफमध्ये जुन्या करप्रणालीत भरतानाही वजावट मिळते आणि काढतानाही कर लागत नाही. रॉथमध्ये कर भरून उरलेले पैसे जातात. खाते पाच वर्षांचे झाले आणि वय साडेएकोणसाठ झाले की ते वाढीसह करमुक्त मिळतात. तुमच्या ४०१-केमध्ये भरताना कर वाचला आहे, म्हणून काढताना तो पूर्ण रकमेवर लागेल. ते एकदम रॉथमध्ये वळवले तर सारी रक्कम यंदाच्या पगारात मिळवून कर आकारला जाईल. पारंपरिक आयआरएत वळवल्यास आज काहीच द्यावे लागत नाही. कराचे प्रश्न आधी माझ्याकडे पाठवावेत, ही विनंती मी मागेही केली होती.
– माजी खजिनदार

काका,
चौथ्या चौकटीबद्दल आपण लिहिले नाही आणि माझे नुकसान नेमके तिथेच झाले. नोकरी बदलताना मी रक्कम स्वतःच्या नावे मागवली. खात्यात ४०,००० डॉलर होते आणि पाकिटातून चेक निघाला ३२,००० चा, कारण २० टक्के कर नियमानुसार आधीच कापला होता. कर टाळायचा तर ६० दिवसांत पूर्ण ४०,००० आयआरएत भरायचे, म्हणजे ८,००० पदरचे घालायचे. मला ते जमले नाही आणि तेवढ्या रकमेवर आयकर, शिवाय १० टक्के दंड बसला. वहिनी, चेक नव्या आयआरए संस्थेच्या नावेच निघेल, असे लेखी घ्या.
– ग्रंथालय समिती

चेकची चर्चा योग्यच आहे, परंतु वहिनींना राहायचे आहे कोल्हापुरात. परतल्यावर बहुतेकांना दोन-तीन वर्षे ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. तो संपल्यावर त्या खात्यातील वाढ भारतातल्या करात येऊ शकते. १९६१ च्या आयकर कायद्यात २०२१ मध्ये कलम ८९-ए आले, तेव्हापासून हा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलता येतो, मात्र त्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीत ठरलेला फॉर्म (माझ्या वेळी तो १०-ईई होता) भरावा लागतो आणि एकदा निवडलेला पर्याय बदलता येत नाही. माझ्या सीएंनी या फॉर्मचे नावही ऐकले नव्हते. त्याबद्दलचा नियम २१-एएए छापून मी त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा काम पुढे सरकले. या कलमाची भाषा काढताना कर लागणाऱ्या खात्यांची आहे आणि रॉथ तर काढताना करमुक्त, त्यामुळे ते त्यात बसवणे अवघड जाते. पीपीएफ समजून रॉथवर खूण करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.
– शाहूपुरी, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या चौकटीवर खूण केली आणि चेक संस्थेच्याच नावे निघेल असे लेखी आले आहे. खात्याचा ओटीपी मात्र इथल्या अमेरिकी मोबाइलवरच येतो. तो नंबर तिकडे चालू कसा ठेवावा, हे शाहूपुरीकरांनी कृपया कळवावे.
– हळदीकुंकू समिती