मदत हवी आहे: सेलफिन टँग नोरीला तोंडच लावत नाहीये, पोट आत गेलंय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, जुळे सोलापूरला राहते. घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ४ बाय २ बाय २ फूट, म्हणजे हिशोबानं साडेचारशे लिटर, पण दगड-वाळू वजा केली तर पाणी चारशेच्या आतच. टाकी लावून वर्ष होत आलं. दोन क्लाउन मासे, एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ कुरतडणारा छोटा मासा) आणि पाच आठवड्यांपासून एक सेलफिन टँग, डेसजार्डिनी जातीचा, चार इंचाचा. प्रश्न त्याचाच आहे. जरा लांबण लावतेय, पण अर्धवट लिहिलं की तुम्ही विचारणार मी सांगणार यात चार दिवस जातात आणि मला तेवढा धीर नाहीये.

तो समुद्री शेवाळ खात नाही. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदाची, शीट लावली की तिच्याकडे बघतसुद्धा नाही. पेलेट खातो, फ्रोजन मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) तर क्लाउनच्या तोंडातनं ओढून खातो, त्यामुळे भूक नाही असं म्हणता येत नाही. पण टँग म्हणजे दिवसभर दगडावर चरणारा मासा, मायसिसवर त्याचं किती दिवस भागणार? बाजूनं बघितलं तर चांगला दिसतो, समोरून तोंड करून आला की कळतं, पोटाच्या दोन्ही बाजूंना खळगा पडलाय, वाटीत बोटानं दाबल्यासारखा.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. पहिल्यांदा सोलापुरात नोरी कुठं मिळेना, एका मोठ्या दुकानात खाऊच्या कप्प्यात कोरियन पाकीट मिळालं, त्यांना विचारलं साधी आहे का, हो म्हणाले, मी पण घाईत मागचं बारीक अक्षर वाचलं नाही. त्याला तीळाचं तेल आणि मीठ लावलेलं होतं. तळहाताएवढा तुकडा टाकला आणि अर्ध्या तासात पाण्यावर तेलाचा तवंग, लाइटखाली सप्तरंगी चमकायला लागला, आणि स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) फेस एकदम बसला, कप रिकामा. रात्री बारापर्यंत किचन पेपर पाण्यावर अंथरून अंथरून तवंग उचलत बसले होते, दुसऱ्या दिवशी ऐंशी लिटर पाणी बदललं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको, आरओचं ऐंशी लिटर साठवायला काय करावं लागतं ते आमचं आम्हाला माहीत.

मग ऑनलाइन साधी नोरी मागवली, बिनामिठाची बिनातेलाची. सक्शन कपची क्लिप नव्हती म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून समोरच्या काचेला लटकवली, म्हणजे मला सोफ्यावरून दिसेल. नाही खाल्ली. वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात फडफडत राहते, संध्याकाळी मी बँकेतून येईपर्यंत तिचा लगदा होऊन वाळूवर पडलेला असतो. लसणाचा रस लावून बघितला, बारीक तुकडे करून मायसिसमध्ये मिसळले तर मायसिस वेचून खातो आणि हिरवं थुंकतो. ब्लेनीपण त्याच्या तोंडाकडे बघून बाजूला होतो.

पाणी: खारटपणा (घनतेत) १.०२५, तापमान २६ (पाणी थंड ठेवणारा चिलर आहे, त्याशिवाय सोलापूरच्या मे महिन्यात हा नाद जमतच नाही), अमोनिया शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. पाणी साफ करायच्या कार्बनची पिशवी सारखी सुरू असते.

आमचे मामा, म्हणजे सासरे, दिवसभर घरी असतात आणि टाकीपुढेच बसतात. तीस वर्षं त्यांनी पॉवरलूमवर काढली. हा मासा आला त्या दिवशी त्यानं वरचे-खालचे पंख पूर्ण उघडले, ते पट्टे आणि ते ठिपके, मामा म्हणाले "अगं ही तर आपली चादर की". तेव्हापासून त्याचं नाव चादर. ते रोज मला विचारतात चादर का वाळायलीय गं, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

तर सांगा: याला नोरी शिकवायची कशी? शेजारच्या काकू म्हणतात पालक उकडून घाल, चालतो का? आणि एकानं सांगितलं विहिरीतलं शेवाळ आणून टाक, ते तर मला पटतच नाही पण विचारून ठेवते.

प्रतिसाद (पुण्याहून)

ताई, आधी तो चिमटा बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता. त्यात लोखंडी स्प्रिंग असते, खाऱ्या पाण्यात दोन-चार दिवसांत गंजते. प्लॅस्टिकची सक्शन क्लिप घ्या, नाहीतर काहीच नको, त्याचं पुढे सांगतो.

तेलाचं कळलं, हे नवीन माणसाचं अगदी ठरलेलं आहे, पाकिटावर 'रोस्टेड' असलं तर घाबरू नका, नुसती भाजलेली चालते, फ्लेवर आणि तेल-मीठ नको. नोरी ही मुळात पोर्फायरा गटातलं लाल शेवाळ आहे, वाळवली-भाजली की हिरवी-काळी दिसते. माणसाच्या खाण्याची साधी नोरी आणि माशांच्या नावानं चौपट किमतीत विकतात ती, यात मला तरी फरक दिसलेला नाही.

आता मुख्य. तुमच्या माशाला ती शीट म्हणजे अन्न आहे हेच माहीत नाही. समुद्रात त्यानं कधी कागद पोहताना बघितलेला नाही. शेवाळ म्हणजे त्याच्या दृष्टीनं दगडाला चिकटलेली गोष्ट, तोंड दगडाला लावायचं आणि ओरबाडायचं. झेब्रासोमाचं, म्हणजे तुमच्या टँगच्या गटाचं, तोंड लांब असतं ते फटीत घालण्यासाठीच. त्यामुळे फडफडणारी शीट कितीही दिवस लावली तरी काही मासे येत नाहीत आणि दगडाला बांधली की त्याच दिवशी येतात. हातात मावेल असा एक दगड घ्या, त्याला नोरी रबरबँडनं घट्ट गुंडाळा, कडा सुट्ट्या नकोत, आणि तो दगड चादर जिथं स्वतःहून चरतो तिथं ठेवा. तुम्हाला सोफ्यावरून दिसेल तिथं नाही. आणि सकाळी, बाकी काही द्यायच्या आधी. मायसिसनं पोट भरल्यावर कशाला येईल तो?

पालकाचं: अडीनडीला, एखाद-दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढून दिला तर मरत नाही. पण जमिनीवरची भाजी ती, समुद्री शेवाळातलं आयोडिन वगैरे तिच्यात कुठून येणार. रोजचं खाणं म्हणून नको. विहिरीतलं शेवाळ अजिबात नको, गोड्या पाण्याचं शेवाळ खाऱ्यात मरतं आणि सडतं.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

सोलापूरच्या ताईंना समुद्राचं खरं शेवाळ मिळायला हवं, इथे आमच्या पायाखाली पडलेलं असतं म्हणून वाईट वाटतं. आमच्याकडे पावसाळ्यात लाटांचा मारा बसतो त्या खडकांवर पोर्फायराच उगवते, तुमच्या नोरीची सख्खी बहीण. उल्वा नावाचं शेवाळ तर पाऊस ओसरल्यावर भरपूर, पातळ हिरवी, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी हाताला लागते. टँगला ताजी उल्वा दाखवली की तो विचार करत नाही, हलणारं ओलं हिरवं पान त्याच्या ओळखीचं असतं. ताज्यावर सवय लागली की मग वाळलेली नोरी त्याच जागी बांधायची.

कुणी कोकणात जाणारं असेल तर सांगा आणायला, पण खाडीच्या तोंडाशी किंवा जेटीजवळचं घेऊ नका, डिझेल असतं. घरी आणल्यावर गोड्या पाण्यात काही मिनिटं बुडवून हलवा, बारीक खेकडे आणि किडे गळून पडतात. किनाऱ्यावर वाहून आलेलं सडकं घेऊ नका. आणि कॉलर्पा नावाची द्राक्षासारखी किंवा पिसासारखी हिरवी वेल असते ती टाकीत लावू नका, दगडात घुसली की निघत नाही आणि काही जातींमध्ये विषारी द्रव्य असतं, बरेच मासे तिला तोंडच लावत नाहीत.

प्रतिसाद (मुंबईहून)

खाण्याचं वरच्यांनी सांगितलंय, मी दुसरं विचारतो. डोळ्याभोवती आणि अंगाच्या मधोमध जी रेष जाते तिच्यावर बारीक खड्डे पडलेत का, कातडी झिजल्यासारखी? टँगमध्ये हा त्रास नेहमी दिसतो. लोक सगळं खापर खाण्यावर फोडतात, खाणं महत्त्वाचं आहेच, पण २०११ मध्ये सर्जनफिशवर (टँग याच कुळातले) केलेल्या एका अभ्यासात लिग्नाइटचा (एक प्रकारचा कोळसा) कार्बन भरपूर वापरलेल्या टाकीतल्या माशांना हेच झालं होतं. तुमची कार्बनची पिशवी सारखी सुरू असते म्हणालात. धुऊन, भुकटी काढून, गरज पडेल तेव्हाच लावा.

अजून एक. यांच्या आतड्यात शेवाळ पचवायला मदत करणारे जिवाणू असतात, काही सर्जनफिशमध्ये तर इतका मोठा जिवाणू सापडलाय की नुसत्या डोळ्यांनी दिसतो, १९८५ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा तो जिवाणू आहे हेच कळलं नव्हतं, ते १९९३ मध्ये कळलं. सांगायचा मुद्दा, हा मासा व्यापाऱ्याकडे उपाशी, मग डब्यात उपाशी, मग तुमच्याकडे नुसतं मांसाहारी खातोय. एकदम खूप नोरी खाल्ली नाही तर निराश होऊ नका, थोडी थोडी रोज.

आणि वाईट वाटून घेऊ नका पण डेसजार्डिनी ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. चार फुटी टाकी त्याला कायमची नाही. आत्तापासून मनात ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चिमटा काढला, स्प्रिंगवर खरंच तांबडा गंज आला होता, माझंच मला वाईट वाटलं. खड्डे नाहीयेत, टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी बघितलं. कार्बन काढलाय. टाकीच्या आकाराचं माहीत आहे, सहा फुटीसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय, पण आधी तो जगू दे.

आज सकाळी मामांना विचारलं चादर कुठं चरतो. ते लगेच म्हणाले, सात वाजता लाइट लागला की डाव्या कोपऱ्यातल्या मागच्या दगडाच्या पोटाला, वरनं नाही, खालनं. रोज. मी वर्षभर टाकी सांभाळतेय आणि मला हे माहीत नव्हतं कारण सात वाजता मी डबे भरत असते. रबरबँड दगडावरून निसटत होतं तर मामांनी पांढरा सुती दोरा घेतला आणि तीन वेढे देऊन अशी गाठ मारली की शेपटं पण दिसेना. मागावर तुटलेला धागा जोडायची गाठ म्हणे. पत्त्याएवढा तुकडा लावलाय.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी)

पहिले तीन दिवस काही नाही. रोज संध्याकाळी दोरा कापून लगदा काढायचा, रोज सकाळी नवा. चौथ्या दिवशी ब्लेनी येऊन बसला दगडावर आणि कडेनं कुरतडायला लागला, आणि चादर त्याला हाकलायला म्हणून आला. शेपटीजवळचा काटा दाखवून त्याला बाजूला केलं आणि मग त्याच जागी तोंड लावलं. मामांनी मला बँकेत फोन केला, काउंटरवर गर्दी होती तरी उचलला, एवढंच म्हणाले, "खाल्लं गं."

आज सकाळी पत्त्याएवढा तुकडा पाऊण तासात साफ, नुसते दोऱ्याचे वेढे राहिले. शेणाची हिरवी लांब शेपूट लोंबतेय मागं, मी पहिल्यांदाच अशा गोष्टीवर इतकी खूश झाले. पोटाचा खळगा अजून आहे पण उथळ झालाय. मायसिस आता दिवसाआड, तेही संध्याकाळी.

आता पुढचं विचारते. तुकडा वाढवू का? एका शीटचे चार दिवस होतात सध्या. आणि नायट्रेट १० वरून १५ झालंय, नोरीमुळेच का?

प्रतिसाद (पुण्याहून)

झकास! हो, नोरी म्हणजे पण खाणंच, जेवढं आत जाईल तेवढं नायट्रेट-फॉस्फेट येणार, पण १५ ला घाबरायचं कारण नाही. खाल्लेल्यापेक्षा न खाल्लेलं जास्त घाण करतं, म्हणून पाच-सहा तासांत उरलेलं काढत जा, बँकेतून यायची वाट बघू नका, मामा आहेतच. वाढवायचं तर एकदम दुप्पट नको, तो अर्ध्या तासात संपवायला लागला की दुपारी दुसरा लहान तुकडा द्या. दिवसातून दोनदा थोडं हे सकाळी एकदम मोठ्या तुकड्यापेक्षा चांगलं, चरणारा मासा आहे. पोटाचा खळगा भरून यायला दीड-दोन महिने लागतील.

आणि त्या गाठीचा एक जवळून फोटो टाका, माझा रबरबँड पण निसटतो.

धागाकर्ती

मामांना सांगितलं. फोटोत कळणार नाही म्हणतात, रविवारी सावकाश गाठ मारतानाचा व्हिडिओ काढते. दुपारचा तुकडा आजपासून त्यांच्याकडे.