साडेसहा वर्षांचा मुलगा, ऑटिझम, शी फक्त डायपरमध्येच करतो. सुरुवात कुठून करू?

जाईजुई:
नमस्कार मंडळी. वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच. मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही पण समजतं बरंच, चित्र दाखवून हवं ते मागतो. शू बऱ्यापैकी जमते म्हणजे मी वेळेवर नेलं तर करतो, स्वतःहून सांगत नाही. शी मात्र डायपरमध्येच. डायपर लावला की पडद्यामागे जाऊन उभ्यानेच करतो आणि नाही लावला तर दोन-तीन दिवस रोखून धरतो, मग पोट फुगतं, चिडचिड, झोप नाही, शेवटी मी डायपर लावते. अधूनमधून चड्डीला थोडी पातळ शी लागलेली असते ती का ते कळत नाही, पोट बिघडलं म्हणावं तर बाकी काही त्रास नसतो. कमोडवर बसवलं की अंग ताठ करतो आणि फ्लश केला की कान झाकून पळतो. शाळेचं म्हणणं आधी शिकवा मग पाठवा, घरातले म्हणतात लाडावलाय, दोन रट्टे द्या, करेल बरोबर. मला ते अजिबात पटत नाही, त्याचा चेहरा बघितला तर कळतं की तो घाबरलाय. आणि चड्डी वरखाली करणं, हात धुणं, ब्रश हे पण सगळं मीच करते. एकदम सगळं शिकवायचं का एकेक? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

समुद्रपक्षी:
ताई, ती पातळ शी लागते म्हणालात ना आधी त्यावरच बोलतो, कारण बाकीचं सगळं त्याच्या नंतर. ते पोट बिघडणं नसावं, बहुतेक बद्धकोष्ठ आहे. ऐकायला उलटं वाटतं पण होतं असं की मूल रोखून धरतं, शी आत साठून तिचा खडा होतो, आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि सारखा ताणलेला राहिला की शी आलीये हा निरोपच मेंदूपर्यंत नीट जात नाही. मग मागून येणारी पातळ शी त्या खड्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीला लागते. मुलाला ते कळतही नाही, त्यामुळे त्यावरून रागावण्यात काही अर्थ नाही, घरच्यांना हे नक्की सांगा. आमच्या मुलाचं अगदी हेच होतं, डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच ओळखलं.

यात एक चक्र असतं बघा. एकदा शी करताना दुखलं की मूल घाबरतं, घाबरलं की रोखतं, रोखलं की अजून कडक होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं. हे चक्र तोडल्याशिवाय कमोडवर कितीही बसवा, उपयोग नाही. तेव्हा पहिलं काम बालरोगतज्ज्ञ. ते शी मऊ करणारं औषध देतील आणि साधारणपणे बरेच महिने चालू ठेवायला सांगतात, कारण ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. दोन आठवडे बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, बहुतेकांचं तिथेच परत मागे येतं. जाताना काय दिसतं ते लिहून न्या किंवा सरळ फोटो न्या, डॉक्टरांना त्यात काही विचित्र वाटत नाही. ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणून तक्ता आहे, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला, त्यात शीचे सात प्रकार चित्रासकट आहेत, पहिला आणि दुसरा म्हणजे बद्धकोष्ठ, त्यातला नंबर सांगितला तरी काम होतं. आणि हो, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं त्यामुळे शूचे अपघात पण वाढतात. इकडचं सुटलं की तिकडचं थोडं आपोआप सुटतं.

शीत रक्त दिसलं, पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या किंवा आधी येत असलेला कंट्रोल अचानक गेला तर मात्र वाट बघू नका, लगेच दाखवा.

खटपट्या:
माझ्या मते डायपर घरातूनच बाहेर काढा. दिसलाच नाही तर मागणार कुठून. सुट्टी घ्या, दिवसभर फक्त चड्डीवर ठेवा, दर अर्ध्या तासाने बसवा. आमच्या पुतण्याचं असंच झालं, त्याला पण स्पीच डीले होता, म्हणजे बोलायला उशीर.

अनघा ओटी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी, याच मुलांबरोबर काम करते. खटपट्या, पुतण्याचं झालं ते छानच, पण तो शी रोखून धरत नसणार. रोखणाऱ्या मुलाचा डायपर एकदम काढला तर त्याची शी करायची एकमेव सुरक्षित जागा जाते आणि तो अजून रोखतो, ताईंनी वर लिहिलंयच की तीन दिवस धरून ठेवतो. ही झटपट पद्धत आली अझ्रिन आणि फॉक्स या दोघांच्या १९७१ च्या अभ्यासातून, संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांसाठी होता तो. भरपूर प्यायला द्यायचं, वारंवार बसवायचं, जमलं किंवा कोरडं राहिलं की लगेच बक्षीस. यातला बराच भाग आजही वापरतो आम्ही आणि शूसाठी तो चांगला चालतो. पण त्यात अपघात झाला की शिक्षा म्हणून पुन्हा पुन्हा साफ करायला लावणं वगैरेही होतं, ते आता करू नये असंच मी सांगेन, घाबरलेल्या मुलाला तर मुळीच नाही.

जाईजुई, तुमच्या मुलाला शी कधी करायची हे कळतं हो! डायपर लागेपर्यंत थांबतो, आडोशाला जातो, म्हणजे जाणीव आहे आणि ताबाही आहे. ही फार मोठी जमेची बाजू आहे, खूप मुलांना शरीराच्या आतली ही जाणीवच अस्पष्ट असते आणि तिथे आम्हाला फार खालून सुरुवात करावी लागते. याला फक्त जागा बदलायला शिकवायचंय. तेव्हा डायपर राहू दे, जागा हळूहळू बदला. आधी पडद्यामागून बाथरूमच्या दारापर्यंत आणा, मग आत, उभ्यानेच करू दे. तिथे निवांत करायला लागला की डायपर घालूनच झाकण लावलेल्या कमोडवर बसवा. मग झाकण उघडून, डायपर तसाच. मग त्या डायपरला खालून एक भोक पाडा, आधी लहान, मग मोठं, म्हणजे डायपर अंगावर आहे पण शी खाली पाण्यात पडतेय. शेवटी नुसता कमरेला सैल अडकवलेला राहतो आणि एक दिवस तोही लागत नाही. प्रत्येक पायरीवर तो निवांत आहे असं दिसलं तरच पुढे जायचं, अडला तर एक पायरी मागे, त्यात काही बिघडत नाही. पण शी मऊ झाल्याशिवाय हे सुरूच करू नका, समुद्रपक्षी यांनी सांगितलंय ते शंभर टक्के.

आता ताठ होतो त्याबद्दल. बरीच मुलं कमोडवर ताठ होतात कारण पाय लोंबकळत असतात आणि त्यांना आपण आत पडू असं वाटतं. वर लहान मुलांची सीट बसवा आणि पायाखाली चांगला रुंद, न हलणारा स्टूल द्या, इतका उंच की तळपाय पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा जरा वर येतील. मग पुढे वाकून कोपर मांडीवर. या बैठकीत शी उतरायची वाट सरळ होते, लोंबत्या पायांनी जोर लावताच येत नाही, मोठ्यांना पण नाही. बसल्यावर साबणाचे फुगे फुंकायला द्या, फुंकताना पोटाचे स्नायू आपोआप खाली जोर देतात आणि त्याचं लक्षही दुसरीकडे जातं. वेळ जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाच्या आतली पकडा, पोटात अन्न गेलं की आतडं आपसूक हलायला लागतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवायचं नाही, टायमर लावा, वाजला की उठायचं, झाली असो वा नसो. बसला याचंही कौतुक करायचं.

फ्लश सध्या तो बाहेर गेल्यावर करा. नंतर तो दारात उभा असताना सांगून करा, मग कधीतरी त्याचाच हात बटणावर. आवाज कधी येणार हे स्वतःच्या हातात असलं की भीती पुष्कळ कमी होते.

रेघोट्या:
विशेष शिक्षिका आहे, चड्डी आणि हात धुण्याबद्दल विचारलंय त्यावर लिहिते. सगळं एकदम नको, एका वेळी एक-दोन कौशल्यं पुरे. शी चालू आहे तर बरोबर चड्डीच घ्या, ती तिथेच लागणार आहे. सुरुवात शेवटाकडून करायची, आम्ही याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतो. म्हणजे चड्डी वर घेताना तुम्ही ती घोट्यापासून गुडघा, मांडी करत पार कुल्ल्यांच्या वरपर्यंत आणा आणि फक्त शेवटचा इंचभर ओढायचं त्याच्यावर सोडा. ओढली की काम झालं, शाबासकी. हे पक्कं झालं की कुल्ल्यांच्या खाली सोडा. इथे खरी गोम असते, मुलं पुढून ओढतात आणि मागे अडकते. त्याच्या मागे उभं राहून, समोरून नाही, त्याचे दोन्ही अंगठे इलॅस्टिकच्या आत घाला, एक पुढे नाभीजवळ आणि एक पाठीमागे कंबरेवर, आणि तुमचे हात त्याच्या हातांवर ठेवून मागचा हात बाहेरच्या बाजूने गोल फिरवत वर न्या. मग हळूहळू तुमचे हात त्याच्या मनगटावर, मग कोपरावर, मग नुसतं बोट दाखवायचं. शेवटाकडून शिकवण्याचा फायदा हा की दर वेळी काम पूर्ण त्याच्या हातून होतं, अर्धवट सोडून आईने केलं असं होत नाही. कपडे सैल इलॅस्टिकचे घ्या, बटण, चेन, नाडी सध्या काहीच नको.

तोंडी सूचना शक्य तितक्या कमी द्या. चल उठ चड्डी वर घे हात धू असं मागून सतत चालू राहिलं तर मूल त्या आवाजावर अवलंबून राहतं आणि तो आवाज काढून घेणं फार अवघड जातं, हाताची मदत कमी करत नेणं त्यापेक्षा सोपं. त्यापेक्षा भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चित्रं लावा, चड्डी खाली, बसणं, स्वच्छ करणं, चड्डी वर, फ्लश, हात धुणं. तो चित्र दाखवून मागतो म्हणालात ना, मग कमोडचं एक कार्ड त्याच्या नेहमीच्या कार्डांत घाला आणि जाताना दर वेळी त्याच्याकडून ते तुमच्या हातात घ्या. बोलता येत नाही म्हणून सांगता येत नाही असं नको राहायला.

बक्षीस लगेच, दोन-तीन सेकंदांत, आणि ती वस्तू दुसऱ्या कशासाठीच मिळता कामा नये. संध्याकाळी गाडीवर नेईन हे त्याला जोडता येणार नाही. अपघात झाला तर चेहरा कोरा ठेवायचा, ओरडणं नाही आणि जवळ घेऊन समजूत काढणंही नाही, कार्ड दाखवा, बदला, पुढे चला.

चिमणपाखरं:
माझी लेक चौदा वर्षांची, डाऊन सिंड्रोम. वरच्यांनी सगळं लिहिलंय, मी एवढंच म्हणेन की दार लावायला आत्तापासून शिकवा. लहान आहे तोवर सगळ्यांसमोर चड्डी काढली तर कोणी काही म्हणत नाही, तोच मुलगा बारा वर्षांचा झाला की लोक आणि जग वेगळं वागतं, आणि तेव्हा जुनी सवय मोडणं फार जड जातं. बाथरूममध्ये मदत कोण करणार हे दोन-तीन माणसांपुरतं ठरवा आणि बाकी कोणी हात लावला तर नाही म्हणायचं हे खुणेने का होईना शिकवा. आपल्या मुलांना सतत कोणीतरी हाताळत असतं, त्यामुळे कोणता स्पर्श मदतीचा आणि कोणता नाही हे त्यांना मुद्दाम शिकवावं लागतं. स्वच्छ करणं, पाण्याने असो की पेपरने, जेवढं तो स्वतः करेल तेवढं त्याचं त्याला करू द्या, वेळ लागला तरी. मुलीची आई कोणी वाचत असेल तर पाळी येण्याच्या बरंच आधीपासून पॅड लावून वावरायची सवय करा, बदलायचा क्रम चित्रांनी शिकवा, रक्त बघून घाबरायच्या दिवशी शिकवणं होत नाही. आणि डाऊन सिंड्रोम असेल तर बद्धकोष्ठासाठी थायरॉइड तपासून घ्या, या मुलांत तो त्रास जास्त असतो, स्नायू सैल असतात ते वेगळंच.

समुद्रपक्षी:
स्पायना बायफिडा, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट बंद न झालेल्या मुलांचे पालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी, यातलं बरंचसं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तिथे मज्जातंतूंचाच प्रश्न असतो, मूत्राशय रिकामं करायला ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालावी लागते, १९७२ पासून ही पद्धत रूढ होत गेली आणि बरीच मुलं पुढे ती स्वतः घालायला शिकतात. शीचंही वेगळं वेळापत्रक असतं. ते डॉक्टरांबरोबरच ठरवा.

जाईजुई:
काय बोलू, रडायलाच आलं वाचताना. त्याला कळतं आणि ताबाही आहे हे कोणी मला असं सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना समुद्रपक्षी दादांचं उत्तर वाचून दाखवलं, त्या गप्प बसून ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या डॉक्टरकडे मी पण येते. अपॉइंटमेंट घेतलीये. दोनच प्रश्न, रात्रीचा डायपर पण आत्ताच काढायचा का? आणि शाळेला काय सांगू?

रेघोट्या:
रात्रीचा राहू दे, बिनधास्त. झोपेत शू कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक हार्मोन वाढावा लागतो आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग यावी लागते, हे शिकवून येत नाही, वयाने येतं, ऑटिझम नसलेल्या सहा वर्षांच्या पुष्कळ मुलांचं पण झालेलं नसतं. फक्त झोपायच्या आधीच डायपर लावून ठेवलात तर तो शी त्यातच उरकेल, म्हणून झोप लागल्यावर लावा आणि सकाळी उठल्या उठल्या काढा. शी कमोडमध्ये यायला लागेपर्यंत संध्याकाळी त्याला लागेल तेव्हा डायपर द्या, पण बाथरूममध्येच.

शाळेत वर्गशिक्षिका आणि मदतनीस मावशी दोघींना एकत्र भेटा, मावशींना तर नक्कीच, कारण प्रत्यक्ष त्याच नेणार आहेत. कमोडच्या कार्डाची दुसरी प्रत द्या, घरी जो क्रम आहे तोच तिथे, खूण तीच, पायाखाली स्टूल हवाच हे सांगा आणि तिथला फ्लश किती मोठा वाजतो ते आधी जाऊन बघून या. आधी शिकवा मग पाठवा म्हणाले तर डॉक्टरांकडून आणि ओटीकडून लेखी प्लॅन घेऊन जा, कागद समोर असला की बोलणं बदलतं. शी सध्या शाळेत अपेक्षित धरू नका, शूपासून सुरू करू दे त्यांना.

अनघा ओटी:
आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा ताई, औषध सुरू झालं की स्टूलची उंची कशी काढायची ते बघू, त्याची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी आणि तुमच्या कमोडची सीटसकट उंची मोजून ठेवा तोवर.